मागच्या अंगणातला कललेला आंबा – कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

मुलुंड, गावठाणातलं आमचं बैठं घर. मागच्या अंगणात रायवळ आंबा आहे, तो किचनच्या दिशेने कललेला आहे आणि मला कळायला लागल्यापासून तसाच कललेला आहे, त्यामुळे कोणी पाहुणा आला आणि "अहो हे झाड पडेल की" म्हणाला की आम्ही हसायचो. आज हसू आलं नाही. अंगण झाडताना पायाला ठेच लागली म्हणून बघितलं तर झाडाच्या मागच्या बाजूच्या, म्हणजे किचनच्या विरुद्ध बाजूच्या दोन पेव्हर लाद्या एका कडेने बोटभर वर आल्यात. खाली हात घातला तर पोकळी. आणि बुंध्याशी पिवळट भुश्याची छोटी रास, मी आधी समजलो मुंग्यांचं काम असेल.

आई म्हणाली भिरूड लागलाय, म्हणजे खोड पोखरणारी कीड. ती कोकणातली, तिला भुसा बघूनच कळतं.

७ एप्रिल

ऑफिसातून येताना शेजारच्या साइटवरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, भिंत सरळ आहे का बघायला दोरीला टांगतात ते वजन. शिडी लावून बारा फुटांवर खोडाला दोरी गुंडाळली, ओळंबा सोडला, तो जिथे टेकला तिथे लादीवर मार्करने फुली. बुंध्यापासून अंतर ३ फूट १ इंच. आता रोज सकाळी चहा घेताना बघायचं. बायको म्हणते तू आता झाडाचं बीपी घेणार का रोज. हो, तेच.

घेर छातीच्या उंचीला ६ फूट ४ इंच, म्हणजे व्यास साधारण दोन फूट.

१० एप्रिल

हातोडीने खोड ठोकून बघितलं. वरच्या भागात टणटण वाजतं, कमरेच्या खाली किचनच्या बाजूला ढबढब. एका भोकातून सळई घातली, चौदा इंच आत गेली आणि काहीही अडलं नाही. ढोबळ नियम असा आहे की पोकळ खोडात बाहेरची निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी हवी, आपली त्रिज्या एक फूट म्हणजे चार इंच भिंत हवी, आणि त्या बाजूला जेमतेम दोन इंच निघते.

पण खरी गोष्ट ही नाहीच. रात्री जेवताना दादा म्हणाला ड्रेनेजची लाइन टाकली तेव्हा खणलं होतं ना मागे, आणि मला एकदम आठवलं. डिसेंबर २०२२. कंपाउंडच्या कडेने चर खणला, झाडापासून तीन फुटांवर, आणि मनगटाएवढी तीन-चार मुळं आडवी आली तर प्लंबरने विचारलं काय करू, मीच म्हणालो तोड. वर माती भरली, पेव्हर बसवले, खोडाला अगदी चिकटून बसवले कारण अंगण छान दिसायला पाहिजे होतं. कललेल्या झाडाची मागची मुळं म्हणजे तंबूच्या मागच्या दोऱ्या असतात, झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या उलट बाजूने तीच त्याला ओढून धरतात, आणि आम्ही नेमक्या त्याच दोऱ्या कापल्या. पन्नासेक वर्ष कललेलं झाड उभं होतं ते कलण्यामुळे धोक्याचं नव्हतंच. आमच्यामुळे झालं.

हे आईला सांगितलं नाही अजून.

१३ एप्रिल, रविवार

दोन जण बघून गेले. पहिला चप्पल घालून आला, वर बघितलं, म्हणाला चौदा हजार, एका दिवसात पाडून देतो, मागे दोर लावायचा, चार माणसं ओढतील, खाली खाच मारायची की झाड तिकडे. मी विचारलं कलतंय इकडे आणि तुम्ही पाडणार तिकडे, दोर तुटला तर? "नाही तुटत साहेब."

दोर तुटणं लांबची गोष्ट. झाड पाडताना खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापलेली एक पट्टी सोडतात, ती दाराच्या बिजागरीसारखी काम करते, झाड पडताना तिच्यावर फिरतं म्हणून दिशा धरतं. आमच्या खोडात ती पट्टी सोडायला लाकूडच नाही, आत ढोली. बिजागरी नसलेलं दार कुठेही पडतं. दुसरं म्हणजे कललेल्या खोडावर इतका ताण असतो की अर्धवट कापल्यावर ते कधीकधी उभं चिरत जातं आणि चिरलेला भाग झटक्यात मागे उडून कापणाऱ्याच्या छातीवर येतो. हे सगळं मी त्याला बोललो नाही, नंतर फोन करतो म्हणालो.

दुसरे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी आधी झाड नाही बघितलं, किचनचे पत्रे बघितले, मग पोलवरून येणारी सर्व्हिस वायर, मग काकांच्या अंगणातलं जांभूळ, मग ड्रेनेजच्या चेंबरवर उभं राहून विचारलं ही लाइन कधी टाकली. मी सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले. त्यांचं म्हणणं, झाड पाडायचं नाही, उतरवायचं. वरून तुकडे तुकडे. अडतीस हजार, आणि महापालिकेचा कागद हातात आल्याशिवाय फांदीला हात लावणार नाही. मला माणूस आवडला.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी, आज महापालिकेच्या टी वॉर्डच्या, म्हणजे मुलुंडच्या, उद्यान खात्यात अर्ज दिला. आपल्या अंगणातलं झाड असलं तरी १९७५ च्या झाडांच्या कायद्याने परवानगी लागतेच, खाजगी जागा आहे म्हणजे खर्च आपला, पण मर्जी आपली नाही. सोबत चार बाजूंचे फोटो, वर आलेल्या लाद्यांचा फोटो आणि ओळंब्याच्या तारीखवार नोंदी जोडल्या. काउंटरवरच्या बाईंनी ओळंब्याचा कागद दोनदा बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

२४ एप्रिल

उद्यान खात्याचे साहेब येऊन बघून गेले. सळई त्यांनीही घालून बघितली. झाडाचं वय विचारलं. आई म्हणाली माझं लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या पावसात सासऱ्यांनी कोय पुरली, म्हणजे १९७८. साहेब म्हणाले मग सत्तेचाळीस. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड हेरिटेज धरतात आणि त्याचे नियम जास्त कडक, म्हणजे आमचा आंबा तीन वर्षांनी हेरिटेज झाला असता. आईला ते ऐकून उगाचच अभिमान वाटला. जाताना ते म्हणाले मध्येच जास्त हललं तर वाट बघू नका, पालिकेच्या १९१६ नंबरला फोन करा.

ओळंबा ३ फूट १ इंच. जैसे थे.

७ मे

काल संध्याकाळी जोराचा वारा सुटला, धूळ, मग पाऊस. गेल्या वर्षी १३ मेला असंच धुळीचं वादळ आलं होतं आणि घाटकोपरला ते होर्डिंग पडून सतरा माणसं गेली, मी त्या संध्याकाळी एलबीएस रोडवरच अडकलो होतो, त्यामुळे वारा सुटला की हल्ली पोटात गोळा येतो. रात्री किचन बंद केलं, गॅस सिलिंडर पुढच्या खोलीत आणला, सगळे पुढे झोपलो.

सकाळी ओळंबा: ३ फूट २ इंच आणि वर पाऊण इंच. महिनाभर जे हललं नाही ते एका रात्रीत पावणेदोन इंच गेलं. तिसरी लादीपण उचलली गेली आहे आणि मातीला वेतभर लांब भेग, झाडाच्या मागे अर्धगोल. फोटो वॉर्डात पाठवले. किचन आता पुढच्या पडवीत, एका शेगडीवर, भाजी चिरायला स्टूल. बायको काही बोलली नाही पण भांडी जरा जोरात ठेवत होती.

१३ मे

परवानगीचा कागद मिळाला. बदली झाडं लावायची अट आहे, दोन. मामांना फोन, शनिवारी येतात. महावितरणला अर्ज दिला, शनिवार-रविवार नऊ ते पाच लाइनमन सर्व्हिस वायर सोडवून ठेवणार.

१७ मे, शनिवार

मामा, त्यांचा मुलगा, अजून तिघं. हेल्मेट, कमरेला पट्टे, दोन वेगळे दोर वर चढणाऱ्याला. बघून बरं वाटलं.

पहिला अर्धा तास फक्त कैऱ्या उतरवण्यात गेला, आईचा हुकूम. लाल मुंग्यांनी पानं चिकटवून केलेली घरटी होती पाच-सहा, मुलगा वर गेला आणि लगेच शर्टात हात घालून नाचायला लागला. कावळ्याचं घरटं पण होतं शेंड्याला, रिकामं निघालं, तरी एक कावळा दिवसभर त्याच्याच डोक्यावर टोचे मारत होता, हेल्मेटवर टक टक आवाज येत होता खाली.

एक गोष्ट शिकलो. मुलगा मागची मोठी फांदी आधी कापायला निघाला, कारण ती मोकळ्या अंगणावर होती, खाली सोडायला सोपी. मामा खालून ओरडले, "मागचीला हात लावू नको!" मागची फांदी म्हणजे तराजूचं दुसरं पारडं, ती काढली की सगळं वजन किचनच्या बाजूला. म्हणून आधी किचनवरच्या फांद्या, त्या अवघड, पत्र्यांच्या वर, आणि प्रत्येक फांदीला दोर बांधून, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली बुंध्याला तीन वेढे. तीन वेढ्यांवर एकटा माणूस शंभर किलोची फांदी हळूहळू सोडतो, हाताला काही वाटत नाही म्हणतो. पण अट अशी की झटका द्यायचा नाही, कुजलेल्या खोडाला झटका म्हणजे आमंत्रण. म्हणून तुकडे लहान, काम हळू.

आंब्याचा चीक मुलाच्या हातावर उडाला, संध्याकाळपर्यंत तिथे काळे डाग आणि फोड. खोबरेल तेल लावून दिलं आईने.

१८ मे, रविवार

वरचा सगळा पसारा उतरला. उरलं ते सोळा फुटांचं खोड, वर कापलेले दोन खुंट, तसंच तिरकं. ऊन थेट किचनच्या भिंतीवर. विचित्र दिसतं.

ओळंबा बघायची सवय लागलीये म्हणून बघितलं. ३ फूट सव्वादोन इंच. म्हणजे वजन उतरल्यावर खोड अर्धा इंच मागे आलं! मामांना दाखवलं तर म्हणाले पाठीवरची गोणी काढली की माणूस पण सरळ होतो.

सगळ्यांना वाटलं झालं, आता काय खोडच तर आहे. काका तर म्हणाले राहू दे की तसंच, वेल चढव. मामांचं मत उलट, म्हणाले भाऊ, अपघात याच वेळेला होतात, फांद्या गेल्या की माणूस ढिला पडतो. मी कागदावर मांडलं: ओलं लाकूड पाण्याच्या आसपास वजनाचं धरलं तर बुंध्याकडे एका फुटाला ऐंशी-नव्वद किलो, वर कमी होत जातं, पूर्ण खोड हजार किलोच्या वर. हजार किलो, दोन इंचाच्या भिंतीवर, मागची मुळं नाहीत.

२१ मे

काल संध्याकाळपासून पाऊस. मे महिन्यात. काम बंद. ओळंबा तिथेच, पण मातीतली भेग पाण्याने भरली. प्लास्टिक टाकून वर विटा ठेवल्या, पाणी मुळांत मुरायला नको.

२४ मे, शनिवार

पाऊस थांबला. परांची बांधली, लोखंडी पाइपांची, खोडाच्या बाजूला आणि खोडाला कुठेही न टेकलेली. कापणारा कुजक्या खोडावर उभा राहणार नाही हा मुद्दा. मग खोडाच्या शेंड्याला दोर, मागे काकांच्या जांभळाच्या बुंध्यापर्यंत, मध्ये दोन टनी चेनकप्पी. जांभळाला गोणपाट गुंडाळलं, साल सोलू नये म्हणून. मी म्हटलं आपल्या कंपाउंडच्या कॉलमला बांधला असता तर काकांना त्रास नसता, मामा म्हणाले कॉलम आला असता सोबत. चेनकप्पीने ओढायचं नाही, फक्त दोर ताठ ठेवायचा.

२५ मे, रविवार

दिवसभराचं काम, नीट लिहून ठेवतो.

काप खोडाला काटकोनात घ्यायचा नाही, जमिनीला समांतर घ्यायचा. म्हणजे खोड तिरकं असलं तरी कापलेला तुकडा खाली सपाट बसतो, पाटावर ठेवलेल्या तांब्यासारखा. पण तुकडा दीड फुटाचाच. मी विचारलं चार-पाच फुटाचे का नाही, पटकन होईल. मामांनी विटा घेतल्या, तिरक्या रचून दाखवल्या. तुकडा तिरका आहे, जितका उंच तितका त्याचा मध्य किचनकडे सरकतो, पाच फुटाचा ठेवला तर काप पूर्ण व्हायच्या आत स्वतःच किचनवर लवंडणार. दीड फुटाचा बसून राहतो. मग आरामात, चेनसॉ बंद करून, मागच्या बाजूला ढकलायचा.

काप दोन बाजूंनी. किचनच्या बाजूचं लाकूड दाबलेलं असतं, तिथे आधी दोन इंचच कापायचं, जास्त आत गेलं तर करवत चिमटीत धरली जाते. मग मागून, जिथे लाकूड ताणलेलं असतं, आणि काप उघडायला लागला की त्यात लाकडाची पाचर. तिसऱ्या तुकड्याला मुलाने पाचर मारली नाही, अडकला करवतीचा पट्टा. वीस मिनिटं गेली सोडवण्यात, मामा काही बोलले नाहीत, पाचरांची पिशवी उचलून त्याच्या पायाशी ठेवली फक्त.

वरचे तुकडे पन्नास-पंचावन्न किलोचे. खाली पडायला मी गॅरेजमधून जुने टायर आणून पसरले होते, माझी आयडिया, मी जरा खूश होतो. पहिला तुकडा टायरवर पडला, चेंडूसारखा उसळला, गडगडत गेला आणि पाण्याचं निळं पिंप फोडून थांबला. अंगणभर पाणी. आईने खिडकीतून विचारलं, "झालं का समाधान?" टायर काढले. त्याच झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचा थर आणि वर वाळूच्या गोणी, त्यावर तुकडा धप्पकन बसतो आणि बसूनच राहतो.

प्रत्येक तुकड्यानंतर मागचा दोर खाली घेऊन परत बांधायचा, कंटाळवाणं काम, दर वेळी पंधरा मिनिटं, एकदाही टाळलं नाही.

दुपारी साडेतीनला चेनसॉतून ठिणग्या. चेनचे चार-पाच दात गेले. लाकूड फोडून बघितलं तर आत अख्खा लोखंडी हुक, सालीपासून तीन इंच आत, लाकडाने पूर्ण गिळलेला. बाबांनी कपडे वाळत घालायच्या तारेसाठी ठोकला होता, दादाला आठवतंय, मला नाही. चेन बदलली, पाचला थांबलो. सात फूट उरलं.

२६ मे

मान्सून आला. अकरा जूनच्या आसपास येणारा मान्सून २६ मेला मुंबईत, एवढ्या लवकर कधी आल्याची नोंद नाही म्हणतात. मी तीन आठवडे हातात आहेत असं धरून बसलो होतो. उरलेलं सात फुटी खोड पडलं तरी आता किचनपर्यंत पोचत नाही, मोजून बघितलं, धुण्याच्या दगडापर्यंत फार तर. तरी मागचा दोर तसाच ठेवला. आज महिन्याभराने, नाही, वीस दिवसांनी किचनमध्ये जेवण झालं. पिठलं-भात.

१ जून, रविवार

उघडीप मिळाली. खालचे तुकडे फूटभराचे, कारण दीड फुटाचा एकशेतीस किलो भरेल, तो दोघांना ढकलवत नाही. ढोलीचा भाग उघडला तेव्हा आतून ओला कुबट वास आला आणि लाकडाचं तपकिरी पीठ नुसतं ओघळलं बाहेर. भिंत एका जागी दीड इंच होती, म्हणजे माझा अंदाज पण उदार होता. त्यात बोटाएवढी जाड पांढरी अळी, तोंड तेवढं काळं, हीच भिरुडाची. हिचाच पुढे लांब मिशांचा भुंगेरा होतो. आईने चिमट्याने धरून फिनेलच्या डब्यात टाकली, काही न बोलता.

मी तेव्हा तिला मुळांचं सांगितलं, चराचं. ती म्हणाली मला माहितीये, मी तेव्हा खिडकीतच उभी होते.

संध्याकाळपर्यंत गुडघाभर बुंधा उरला, बाकी सगळं खाली. दोर सोडला, परांची सोडली. जांभळाच्या सालीला काही झालं नाही, काकांनी फिरून फिरून तपासलं.

४ जून

लाकडाचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न. पूर्वी बेकरीवाले टेम्पो घेऊन यायचे, पण हायकोर्टाने जानेवारीत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्यापासून कोणी विचारत नाही. वरचे निरोगी ओंडके एक पॅकिंगच्या खोक्यांवाला घेऊन गेला, ढोलीचं कुजकं टेम्पो भाड्याने करून पाठवलं. आईने वीतभर लांबीच्या बारीक काड्यांच्या पाच जुड्या बांधून माळ्यावर ठेवल्यात, होमाला समिधा म्हणून. आमच्याकडे शेवटचा होम वास्तुशांतीचा झाला होता.

चराच्या बाजूच्या पेव्हर लाद्या काढून टाकल्या. बायको म्हणाली चिखल होईल. होऊ दे.

८ जून, रविवार

वॉर्डात फोटो देऊन आलो. दोन रोपांची जागा ठरवली, घरापासून पंधरा-सोळा फूट, ड्रेनेज लाइनच्या पलीकडे. काका म्हणतात बकुळ लाव, आईला आंबाच पाहिजे, दोन हट्ट दोन झाडं, भांडण मिटलं.

ओळंबा गवंड्याला परत दिला. त्याने विचारलं भिंत सरळ निघाली का.

रात्री उशिरा मागे पाणी भरायला गेलो, लाइट नव्हते, एकदम शांत. उरलेल्या बुंध्यातून बारीक कुर्र कुर्र आवाज येतोय. बॅटरी मारली, कडेला ताजा भुसा, चिमूटभर. मामांना मेसेज टाकला, सकाळी उत्तर आलं: बुंधा पण काढा म्हटलं होतं भाऊ, तुमच्या आईच नको म्हणाल्या बसायला होईल म्हणून. तो भुंगेरा उडून काकांच्या हापूसच्या कलमावर जाईल. बुधवारी येतो, पहार आणि दोन माणसं घेऊन.